बिनतारी हौस आणि घरचा राउटर

घरात इंटरनेट घ्यावयाचे ठरले म्हणजे राउटरची निवड बहुधा कोणी करीतच नाही. जोडणी देणाऱ्या कंपनीचा माणूस येतो, एक काळा किंवा पांढरा डबा भिंतीला लावतो, परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून देतो आणि निघून जातो. बहुतेक घरांना एवढे पुरेही पडते. परंतु ज्या घराच्या गच्चीवर बिनतारी संदेशवहनाची तार ताणलेली आहे, ज्या घरात कोणी परवानाधारक हौशी बिनतारीचालक, म्हणजे जगभर ज्याला ‘हॅम’ म्हणतात असा माणूस राहतो, त्या घराची गोष्ट निराळी. तेथे एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडे नांदत असतात. एक कुटुंबाचे, दुसरे बिनतारी केंद्राचे. दोघांच्या गरजा वेगळ्या, दोघांना लागू होणारे नियमही वेगळे; आणि दोहोंमधला उंबरठा म्हणजे हा राउटर. कोणाचे टपाल कोणत्या दाराने आत यावयाचे आणि कोणत्या दाराने बाहेर जावयाचे, हे तोच ठरवितो.

दुकानात गेल्यावर प्रथम सांगितली जाते ती वेगाची महती. खोक्यावर हजारो मेगाबिटांचे आकडे छापलेले असतात आणि डब्याला चार, सहा, कधी आठही शिंगे असतात. हॅमने ते आकडे वाचावेत आणि पुढे जावे. २०१७ साली प्रचारात आलेली आणि लघुलहरींवर अतिशय लोकप्रिय झालेली ‘एफटी-८’ ही संदेशपद्धती पंधरा सेकंदांच्या एका फेरीत अवघे ७७ बिट पोचविते. ती रचणाऱ्या दोघांपैकी एक, जोसेफ टेलर, हे भौतिकीच्या १९९३ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. क्षीण संकेत गोंगाटातून कसा वेचावा हे त्यांनी ताऱ्यांच्या अभ्यासात जाणले होते. या पद्धतीला वेग नको, बिनचूक घड्याळ हवे. दोन टोकांच्या घड्याळांत सेकंदाहून फारसे अंतर पडले तर संदेश उलगडत नाही, आणि ते घड्याळ संगणक इंटरनेटवरून जुळवून घेतो. इंटरनेटच्या साहाय्याने दूरदूरच्या हॅमांना जोडणारी ‘इकोलिंक’ ही बोलण्याची व्यवस्थाही सेकंदाला तेरा हजार बिटांच्या आसपास भागविते. तेव्हा वेग हवा असेल तर तो मुलांच्या चित्रपटांसाठी. केंद्राचे मागणे दुसरेच आहे, आणि त्यात पहिले मागणे शांततेचे आहे.

ज्यांनी जुन्या काळी रेडिओवर लघुलहरींचे केंद्र ऐकण्याचा खटाटोप केला असेल, त्यांना नळीचा दिवा लागताच उठणारी खरखर आठवत असेल. हॅमच्या कानाचा तोच शत्रू, फक्त आता तो अधिक सोज्वळ रूपात घरात शिरला आहे. लघुलहरींवर ज्याला जोरदार संकेत मानतात, तोदेखील ग्राहक यंत्राच्या तोंडाशी अवघा पन्नास मायक्रोव्होल्टचा, म्हणजे व्होल्टच्या वीस हजाराव्या भागाइतका असतो. दूरदेशीचा दुर्मीळ संकेत त्याच्या शेकडो पटींनी दुबळा. त्याला बुडवावयास राउटरसोबत आलेला हातभर वायरीचा स्वस्त अडॅप्टर पुरेसा होतो. हा अडॅप्टर वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून तिचा दाब उतरवितो, आणि या तोडजोडीतून उपजलेला कचरा वायरीवरून लघुलहरींच्या पट्ट्यांत पसरतो. राउटरपासून संगणकापर्यंत गेलेली लांब तार दुसरा उपद्रव करते. ती नकळत आकाशक बनते, आणि १४ मेगाहर्ट्झच्या आवडत्या पट्ट्यात ठरावीक जागी पाखराच्या चिवचिवीसारखे सूर ऐकू येतात. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारी वेगवान जोडणी तर याहून वाईट. तिचे कामकाज लघुलहरींच्याच प्रदेशात चालते. ज्याला काचतंतूची जोडणी मिळत असेल त्याने ती घ्यावी, कारण काचेतून प्रकाश जातो आणि प्रकाश या भांडणात पडत नाही.

हा दोष खोक्यावर छापलेला नसतो, म्हणून तो कानानेच पारखावा लागतो. ग्राहक यंत्र बॅटरीवर चालवावे, घराचे मुख्य बटण बंद करावे आणि पट्टा ऐकावा. मग एकेक उपकरण चालू करीत जावे. राउटर लावताच खरखर चढली, तर प्रथम अडॅप्टर बदलून पाहावा; बहुतेक वेळा अपराधी तोच निघतो. त्यानंतर तारेला फेराइटच्या कड्यातून पाचसात वेढे द्यावेत. एवढ्याने भागले नाही तर राउटर परत करावा. यासाठी विकत घेण्यापूर्वीच परतीची मुदत विचारून ठेवणे शहाणपणाचे. धातूच्या पेटीतला राउटर प्लास्टिकच्या पेटीतल्यापेक्षा बरा, असे साधारणपणे म्हणता येते. पण कानाने दिलेला निकाल पेटीच्या रूपापेक्षा खरा मानावा.

उपद्रव उलट दिशेनेही होतो. हॅमने शंभर वॉटचा प्रक्षेपक दाबला की राउटर दचकून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि आतल्या खोलीत अर्ध्यावर तुटलेल्या चित्रपटाबद्दल कुटुंबाची तक्रार येते. शहरांतल्या सदनिकांत गच्चीवरची तार आणि दिवाणखान्यातला राउटर यांत जेमतेम दोन मजले असतात. घरात केंद्र टिकावे की न टिकावे याचा निर्णय पुष्कळदा या तक्रारींवर ठरतो, हे ज्याने संसार केला आहे त्याला सांगावयास नको. तीच फेराइटची कडी येथेही उपयोगी पडतात.

यानंतरचा प्रश्न पत्त्याचा. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगात यंत्रे त्याहून अधिक झाली, म्हणून कंपन्या आता शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. हा चाळीचा प्रकार झाला. चाळीतून बाहेर पत्रे जातात, त्यांची उत्तरेही येतात. परंतु बाहेरच्या कोणी आपण होऊन पत्र पाठविले, तर ते कोणत्या खोलीचे हे दारावरच्याला कळत नाही. इकोलिंकला नेमकी अशी आपण होऊन आलेली पत्रे स्वीकारावी लागतात, आणि तीही ५१९८ आणि ५१९९ या दोन क्रमांकांच्या दारांनी. राउटरमध्ये ही दारे उघडता आली पाहिजेत हे खरेच. पण कंपनीने चाळीत खोली दिली असेल तर राउटर कितीही उत्तम असो, दार उघडूनही कोणी येत नाही. म्हणून राउटरच्या किमतीची घासाघीस करण्याआधी स्वतंत्र पत्ता मिळेल काय, हे कंपनीस विचारावे. केंद्र इंटरनेटला जोडण्याबाबत आपल्या परवान्याच्या अटी काय सांगतात, हेही त्याच वेळी वाचून घ्यावे.

पत्त्यांच्या या टंचाईत हॅम मंडळी एके काळी जहागीरदार होती, ही गंमत येथे सांगण्याजोगी आहे. १९८१ साली, इंटरनेट अजून बाल्यावस्थेत असताना, ४४ या अंकाने सुरू होणारे सगळे पत्ते बिनतारीवरून संगणक जोडू पाहणाऱ्या हौशी प्रयोगकर्त्यांच्या नावे लावले गेले. ही साऱ्या पत्त्यांची दोनशे छप्पन्नावी वाटणी, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक पत्ते झाले. त्यांतले सुमारे बेचाळीस लाख २०१९ साली अॅमेझॉन कंपनीला विकले गेले. किंमत दहा कोटी डॉलरांवर आली आणि तिच्यातून हौशी बिनतारीसाठी अनुदाने देण्यात येऊ लागली. वडिलार्जित जमीन विकावी की राखावी, यावर घराघरांत होतो तसा वाद हॅमांतही झाला. उरलेली सव्वा कोट जहागीर मात्र अजून हॅमांच्या कामासाठी राखलेली आहे, आणि परवानाधारकास तिच्यातून पत्ते मागता येतात. ते घरापर्यंत आणावयाचे तर राउटरला दूरच्या केंद्राशी एक बोगदा खणता आला पाहिजे. बोगदा आतून बाहेर खणला जातो, म्हणून चाळीची अडचणही तेथे आड येत नाही. ‘वायरगार्ड’ ही अशा बोगद्याची आजची सुटसुटीत पद्धत होय. कंपनीने दिलेल्या डब्यात ती सहसा सापडत नाही. निवडीच्या वेळी विचारावयाचा हा एक पक्का प्रश्न.

परंतु राउटरची खरी कसोटी लागते ती दोन बिऱ्हाडांच्या सीमेवर. घरातल्या जाळ्याचा धर्म गुप्ततेचा आहे. बँकेचा व्यवहार, वैद्याचा अहवाल, मुलांची छायाचित्रे कुलपात असावयास हवीत. हौशी बिनतारीचा धर्म याच्या अगदी उलट. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या नियमावलीप्रमाणे निरनिराळ्या देशांतील हौशी केंद्रांनी परस्परांना अर्थ लपविण्याच्या हेतूने सांकेतिक केलेला संदेश पाठवू नये. शिवाय ही सेवा द्रव्यलाभाची अपेक्षा न ठेवणाऱ्यांची आहे. जे बोलावयाचे ते उघड, आणि धंद्याचे मुळीच नाही. आता असे समजा की हॅमने गच्चीवरून दुसऱ्या हॅमच्या गच्चीशी बिनतारी डेटाचा दुवा जोडला, आणि तो घराच्याच राउटरमध्ये खोचला. एके दिवशी कंपनीची जोडणी तुटते. दक्ष राउटर दुसरी वाट शोधतो, त्याला गच्चीवरचा दुवा दिसतो, आणि घरातील कोणाची तरी दुकानखरेदी, कुलूपबंद होऊन, हौशी लहरींवर स्वार होते. कोणाला काही कळत नाही. सगळे सुरळीत चाललेले दिसते. नियम मात्र मोडला गेला, आणि परवाना ज्याच्या नावाचा, जबाबदारी त्याची.

यासाठी राउटर असा हवा की ज्याच्यात भिंत घालता येईल. एका खाचेत कुटुंब, दुसरीत केंद्र, आणि एकाकडून दुसरीकडे काय जावे याचा निवाडा मालकाचा. यंत्रशास्त्राच्या भाषेत याला व्हीलॅन आणि फायरवॉल म्हणतात. पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय देणारे पुष्कळ डबे बाजारात आहेत, पण ती भिंत नव्हे, पडदा आहे. तिच्यात पाहिजे तेथे दार ठेवता येत नाही.

मालकाचा निवाडा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, आणि त्यामागे एका निळ्या-काळ्या डब्याचा इतिहास आहे. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी-५४जी हा राउटर २००२ च्या अखेरीस बाजारात आला. त्याच्या आतील आज्ञावली लिनक्स या मुक्त प्रणालीवर बेतलेली असल्याचे जिज्ञासूंनी हुडकून काढले, आणि मुक्त परवान्याच्या अटीनुसार २००३ साली तिची मूळ संहिता प्रसिद्ध करणे कंपनीला भाग पडले. दुसऱ्याच वर्षी तिच्यातून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा स्वयंसेवकांचा प्रकल्प उगवला. २००५ मध्ये कंपनीने त्याच डब्याच्या नव्या आवृत्तीत स्मृती कमी केली आणि प्रणाली बदलली. तेव्हा चाहत्यांचा ओढा इतका होता, की जुन्या प्रकारचा डबा वेगळ्या नावाने पुन्हा विकावा लागला. अमेरिकेतील हॅमांनी हेच स्वस्त डबे घेऊन, त्यांतील आज्ञावली बदलून, हौशी पट्ट्यांवर चालणारी जाळी विणली. आपत्तीत उपयोगी पडावे म्हणून उभारलेली ‘एआरईडीएन’ ही आजची जाळी त्याच परंपरेतली. तिच्यात बिनतारी दुव्यावर कुलूप घातलेले नसते. नियमच तसा आहे.

म्हणून पहिली चाळणी ही लावावी, की या डब्याची आज्ञावली मालकाला बदलता येते काय, आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत त्याचे नाव, नेमक्या आवृत्तीसह, आहे काय. एकाच नावाखाली आतून भिन्न असलेले डबे विकण्याची रीत अद्यापि गेलेली नाही. मायक्रोटिकसारख्या काही कंपन्यांचे डबे स्वतःच्या आज्ञावलीतच हे सगळे अधिकार देतात. मात्र त्यांची मांडणी नवख्याला पहिले आठ दिवस रडविते. किमतीबद्दल एवढेच पुरे, की या कामाचा राउटर महागड्या आठ-शिंगी डब्यापेक्षा बहुधा स्वस्तच पडतो.

मुक्त आज्ञावलीचा आणखी एक लाभ बोलण्यात जाणवतो. घरातील कोणी मोठी फाईल चढवू लागले की साधा राउटर सगळी पाकिटे एका लांब रांगेत उभी करतो, आणि हॅमचा आवाज त्या रांगेत मागे अडकतो. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की संभाषणात एकमेकांचे बोलणे तुटू लागते. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली या रांगेला शिस्त लावण्याची युक्ती मांडली. तिच्या वंशातली साधने ओपनडब्ल्यूआरटीत तयार मिळतात.

राहिला प्रश्न विजेचा. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमांचे एक पथक हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेस सुनामी आली. नेहमीचे संदेशमार्ग कोलमडले, आणि त्या पथकाने आपली यंत्रे अंदमानातून निरोप पोचविण्याच्या कामी लावली. त्यांना कोणत्या राउटरची गरज पडली नव्हती, आणि खऱ्या संकटात राउटरवर विसंबून राहावे असे कोणीही म्हणणार नाही. पण संकटे लहानही असतात. वादळाच्या रात्री वीज दहा तास जाते आणि काचतंतू शाबूत असतो. हॅमच्या घरी बारा व्होल्टची बॅटरी असतेच. काही राउटर सुमारे १० पासून ३० व्होल्टपर्यंतचा कोणताही दाब चालवून घेतात; असा घेतला तर तो थेट त्या बॅटरीवर लागतो, आणि खरखर करणारा अडॅप्टर कायमचा निघून जातो. दहा वॉट घेणारा राउटर चाळीस अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या अर्ध्या साठ्यावर दिवसभर चालेल. मात्र काचतंतू ज्या डब्यात येऊन संपतो तो कंपनीचा डबा वेगळा असेल, तर त्यालाही बॅटरीची जोडणी द्यावी लागते. ती द्यावयाची पुष्कळांकडून राहून जाते, आणि अंधारात राउटरचे दिवे लुकलुकत असतात, इंटरनेट मात्र नसते.