नर्सच्या पगाराचा हिशेब
(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



मी बँकेतला कारकून, कॉमर्सवाला. तेव्हा हिशेबच मांडतो. इंदुरात आपल्या घरांतल्या मुली शिक्षिका झाल्या, बँकेत लागल्या. पण नर्सिंगला जाते म्हटले की आजही कपाळाला आठी पडते.

माझी पुतणी गेली. चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग, चार लाखांचे शैक्षणिक कर्ज. साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे, तर हप्ता सुमारे ६,७०० रुपये. साठ खाटांच्या खाजगी रुग्णालयात तिचा पहिला पगार ११,०००. रात्रपाळीला एकटीकडे अठरा रुग्ण. सलाइन संपले, नातेवाईक भडकले, डॉक्टर चिडले, की बोलणी हिलाच. (आमच्या वहिनी अजून "दवाखान्यात कामाला आहे" एवढेच सांगतात.)

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. तिची शिफारस अशी: २०० हून अधिक खाटा असतील तर पगार सरकारी नर्सइतका, ५० ते १०० खाटांना फार तर २५ टक्के कमी, आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी २०,००० च्या खाली नाही. अंमलबजावणी राज्यांकडे दिली. पुतणीच्या रुग्णालयात हे कागद कुणी पाहिलेलेही नाहीत!

निवडणुकीत मते मागायला उमेदवार आपल्या दारी येतातच. मराठी शाळेबरोबर हाही प्रश्न त्यांना मंडळातर्फे लेखी विचारावा, असा ठराव मी मांडतो. अनुमोदन कोण देते?