पडल्यावरची बोली : एका फिरत्या चढाईपटूची कारकीर्द

छत्तीस लाख चाळीस हजार, एक कोटी पंचेचाळीस लाख, एक कोटी तीस लाख, वीस लाख आणि पुन्हा एक कोटी. प्रो कबड्डी लीगच्या सहाव्या ते दहाव्या हंगामापर्यंत सिद्धार्थ देसाई या एकाच चढाईपटूवर लागलेल्या या बोली आहेत. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट लावणाऱ्यांना या चढउताराचे नवल वाटणार नाही. फरक इतकाच, की टोमॅटोला खांद्याची दुखापत होत नाही.

देसाई कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा, जन्म १९९१ चा. थोरला भाऊ सूरज हाही चढाईपटू. फुटबॉलमध्ये जे काम आघाडीच्या खेळाडूचे, ते कबड्डीत चढाईपटूचे : गुण आणायचे, टाळ्या घ्यायच्या आणि संघ हरला की पहिला बोल खायचा. इटलीत असे आघाडीवीर गावोगावच्या क्लबांतून फिरत कारकीर्द काढतात. क्रिस्तियान व्हिएरी हा त्यांतला एके काळचा सर्वांत महागडा. १९९९ मध्ये लाझिओकडून इंटरने त्याला घेतले, तेव्हा ती जगातली विक्रमी रक्कम होती. तरी त्याच्यामागे ‘एका जागी टिकत नाही’ हे बोलणे लागले ते लागलेच. महाराष्ट्रात हाच शिक्का फिरत्या कबड्डीपटूवर बसतो, आणि तो अन्यायाचा आहे. खेळाडूचा कस सर्वांत मोठ्या बोलीत दिसत नाही. भाव पडल्यावर त्याच्यासाठी पुन्हा हात वर होतो का, तिथे तो दिसतो.

कबड्डीचे नियम नारायणगावच्या परिसरात समजावून सांगणे म्हणजे ओतूरकराला कांदा दाखवण्यासारखे होईल. ते सोडून पुढे जाता येते. फिरता कबड्डीपटू मात्र नवा आहे. २०१४ पूर्वी चांगल्या खेळाडूची वाट ठरलेली असे : गावचे मंडळ, जिल्हा, राज्य आणि मग बँक, रेल्वे, पोलीस, एअर इंडिया किंवा एखादी तेल कंपनी. संघ बदलायचा तो नोकरीसाठी, एकदा. पुढे निवृत्तीपर्यंत हजेरीपटावर नाव आणि जर्सीवर कंपनीचे बोधचिन्ह. जुलै २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि लिलाव आला. दुसरीकडे नोकरीची दारे अरुंद होत गेली. कबड्डीसाठी ओळखली जाणारी देना बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली. मैदान मातीचे मॅटवर आले याची चर्चा भरपूर होते. पगार महिन्याचा हंगामावर आला, हा बदल त्याहून खोल आहे.

हंगामी करार म्हणजे काय, हे समजून घ्यायला लिलावापर्यंत जाण्याची गरज नाही. नारायणगाव पुरेसे आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाफडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाच्या नावाचा फलक, आत सतरंजी, एक टेबल, तारखांची वही. गावोगावचे यात्रा कमिटीवाले चौघे-पाचजण येतात. आधी चहा होतो, मग पाऊसपाणी, मग तिथी. चैत्र पौर्णिमा किंवा अष्टमीची रात्र मागितली, की फडमालक वहीवरून नजर न उचलता आकडा सांगतो. त्या रात्री अनेक गावांची यात्रा एकदम असते आणि फड एकाच गावात उभा राहू शकतो. आडतिथीला तोच खेळ बराच स्वस्त पडतो. कलावंत तोच, वग तोच, भाव तिथीचा. घासाघीस होते, एखादा उठून बाहेर जातो, दुसऱ्या राहुटीत डोकावून परत येतो. शेवटी इसार दिला जातो, वहीत गाव आणि रात्र चढते. हा झाला फड आणि गाव यांच्यातला व्यवहार. त्याच्या पोटात दुसरा असतो, फडमालक आणि कलावंत यांच्यातला. हंगामाआधी कलावंत उचल घेतो आणि ती फेडण्यासाठी हंगामभर नाचतो, वाजवतो, सोंगे काढतो. पुढच्या दसऱ्याला तो दुसऱ्या फडात दिसला, तर त्याला गद्दार कोणी म्हणत नाही. पोट आहे, असे म्हणतात.

तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांची फडावरच्या बाळंतपणाची कथा इथे सांगायला नको. या भागात ती पाळण्यातच ऐकू येते. सांगण्यासारखी गोष्ट निराळी आहे. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीची अखेरची वर्षे हलाखीत गेली. २००२ मध्ये त्या वारल्या. राज्य शासनाचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. मान हंगामावर अवलंबून नसतो, भाकरी असते.

हा विस्तार ठरल्यापेक्षा लांबला. तेव्हा देसाईचे सहा हंगाम आता झपाट्याने.

सहावा हंगाम, २०१८. यू मुम्बाने घेतले. पहिलाच सामना पुणेरी पलटणशी, ३२-३२ असा बरोबरीत. उंच, रुंद खांद्यांचा हा गडी मध्यरेषेकडे परतताना पाठीवर दोघे-तिघे बचावपटू घेऊनच ओढत यायचा. प्रेक्षकांनी त्याला ‘बाहुबली’ केले. हंगामात दोनशेच्या वर चढाईगुण झाले. बाद फेरीत मात्र यूपी योद्धाने मुम्बाला ३४-२९ असे घरी पाठवले.

सातवा हंगाम, २०१९. तेलुगू टायटन्सने एक कोटी पंचेचाळीस लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वोच्च बोली. गुण पुन्हा दोनशेच्या वर, संघ तळाजवळ. आठव्या हंगामासाठी टायटन्सनीच शेवटच्या बोलीइतकी रक्कम भरून परत घेण्याचा हक्क वापरला आणि एक कोटी तीस लाखांना त्याला ठेवले. तेव्हाच खांद्याने दगा दिला. मोजकेच सामने झाले. बावीस सामन्यांत संघाला एकच विजय मिळाला.

नववा हंगाम, २०२२ : वीस लाख. कारकिर्दीचा न्याय करायचा तर या आकड्यापाशी थांबून करावा लागतो. ‘कोटीवरून लाखावर आला’ असे म्हणणाऱ्याने दुखावलेला सांधा पाहिला, खेळाडू पाहिला नाही. दहाव्या हंगामाच्या लिलावात हरियाणा स्टीलर्सनी त्याच गड्यासाठी एक कोटी मोजले. त्या हंगामात हरियाणाचा संघ प्रथमच अंतिम फेरीत गेला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणकडून २८-२५ असा हरला. पुणे जिल्ह्यातल्या सभागृहात या निकालावर टाळी कोणत्या बाजूने पडणार, हे सांगायला नको; पण त्या टाळीत हरलेल्या चंदगडकराचा वाटा धरायला हरकत नसावी. अकराव्या हंगामात तो दबंग दिल्लीकडे गेला. तोवर चार संघ, आणि प्रो कबड्डीच्या विजेतेपदाचा एकही चषक हाती नाही.

यावर निष्ठेचा प्रश्न येतोच. त्याचे उत्तर लिलावाच्या रचनेत आहे : तिथे संघ खेळाडूला निवडतो, खेळाडू संघाला निवडत नाही. निवडीचा हक्कच ज्याला नाही, त्याच्याकडून निष्ठेचा हिशेब मागता येत नाही. मागायचाच असेल, तर मॅटवरच्या तीस सेकंदांचा मागावा. तो देसाईने प्रत्येक जर्सीत चुकता केला.

गावोगावच्या मंडळांतून आज प्रो कबड्डीकडे डोळे लावणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या पालकांनी या कारकिर्दीतून घ्यायचे ते एवढेच : कोटीची बोली हे वर्षभराचे उत्पन्न आहे, आयुष्याचे नव्हे. खांद्याचा विमा, शिक्षणाचा कागद आणि दुखापतीनंतर परतण्याची चिकाटी ही तीन साधने हाती असतील, तर वीस लाखांचा हंगाम हा शेवटचा हंगाम ठरत नाही.