जुन्या बेस गिटारचं 'मूळ' म्हणजे नक्की काय?



आज मी ज्या वाद्याबद्दल बोलणार आहे, ते गाण्यात असतं तेव्हा बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. काढून घेतलं, की मात्र गाणं पोकळ वाटायला लागतं. इलेक्ट्रिक बेस गिटार. तीही नवी नव्हे, पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. अशा गिटार मी जमवतो, त्यांचे सुटे भाग जमवतो. घरी येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "यातलं ओरिजिनल काय काय आहे?" प्रश्न सोपा वाटतो. त्याचं बाजारातलं उत्तर मला हळूहळू अपुरं वाटू लागलं. ते का, हे आज सांगतो.

आधी थोडा इतिहास. १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. तोपर्यंत खर्जाचं काम डबल बेस करायचा. माणसाहून उंच, प्रवासात अडचणीचा, आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गलक्यात ऐकूच न येणारा. फेंडरनी गळ्यात अडकवता येईल असं वाद्य केलं आणि त्याला पडदे बसवले. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन'. १९५७ मध्ये तिचा पिकअप दोन तुकड्यांचा झाला, १९६० मध्ये 'जॅझ बेस' आली, आणि जानेवारी १९६५ मध्ये कंपनी सीबीएसनं विकत घेतली. संग्राहक तिथं रेघ मारतात : सीबीएसच्या आधीची आणि नंतरची. आधीचीला भाव जास्त.

पण एक लक्षात घ्या. ही वाद्यं शोकेससाठी बनली नव्हती. सुतार रंधा वापरतो तशी वादक ती वापरायचे. घाम, सिगारेट, पाऊस, टॅक्सीची डिकी, सगळं त्यांनी सोसलं. त्यामुळे आज एखादी गिटार समोर आली, की तिच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचावं लागतं.

कसं वाचायचं? पिकगार्ड, म्हणजे वरची प्लास्टिकची पट्टी, उघडली की आत आवाज कमी-जास्त करणारे पॉट दिसतात. त्यांच्यावर आकडा ठोकलेला असतो. समजा, ३०४६४१२. यातले ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६४ म्हणजे १९६४ साल, १२ म्हणजे त्या वर्षातला बारावा आठवडा. सुरुवातीला १३७ असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा. कारखाना पॉट घाऊक आणून ठेवायचा. म्हणजे गिटार त्या तारखेनंतरची असू शकते, आधीची नाही. दांडी सोडवली, तर तिच्या टाचेवर पेन्सिलीनं लिहिलेली किंवा शिक्क्यानं उमटवलेली तारीख बरेचदा सापडते. लोक ज्यावर सर्वात जास्त विश्वास ठेवतात तो मागच्या पत्र्यावरचा क्रमांक मात्र सर्वात कच्चा पुरावा. चार स्क्रू काढले की पत्रा बदलतो.

मग रंग. त्या काळचं लॅकर नायट्रोसेल्युलोजचं. जुन्या मूकपटांची फीत ज्या पदार्थाची असायची, त्याच कुळातलं. ते पिवळं पडतं, झिजतं, थंडी-उष्णतेनं त्याला बारीक तडे जातात. जादा पैसे देऊन खास रंग मागवले तर ते चक्क मोटारींचे रंग असायचे, ड्यूपाँट कंपनीचे. 'ऑलिम्पिक व्हाइट' आज सायीच्या रंगाची दिसते, 'लेक प्लॅसिड ब्लू' हिरवट दिसते, कारण वरचा पारदर्शक थर पिवळा पडला. पिकगार्डखाली उजेड पोचत नाही, तिथं जुना रंग तसाच सापडतो.

आणखी एक खूण आहे, ती मला फार आवडते. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत रंग देताना आणि वाळवताना बॉडी खिळ्यांवर टेकवत. वाळल्यावर खिळे काढले, की भोकं कोरी राहायची. त्या भोकांत रंग शिरलेला दिसला, तर गिटार नंतर पुन्हा रंगवलेली आहे. चार बारीक भोकं, आणि सगळ्या बाता संपतात.

यातलं काही एकदा खरवडलं, की परत येत नाही. म्हणूनच पुन्हा रंगवलेल्या गिटारची किंमत बाजारात साधारण निम्म्यावर येते. इथवर बाजाराचं बरोबर आहे.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. मूळ भाग महाग, म्हणून चांगली गिटार फोडून विकणं फायद्याचं ठरतं. पिकअप एकाला, खुंट्या दुसऱ्याला, ब्रिज तिसऱ्याला, दांडी चौथ्याला. मग घेणारा ते भाग आपल्या अर्धवट गिटारला बसवतो आणि म्हणतो, आता हिचं सगळं १९६४चं. खरंही आहे ते. फक्त ते भाग आयुष्यात एकमेकांना कधी भेटलेले नसतात.

आता दोन प्रसिद्ध उदाहरणं देतो. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये सुमारे तीस पौंडांना हॉफनर बेस घेतली. 'बीटल्स'च्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत ती वाजली. १९६४ मध्ये तिला नव्यानं रंग दिला गेला आणि तिचे दोन पिकअप एका नव्या लाकडी चौकटीत बसवले गेले. ऑक्टोबर १९७२ मध्ये ती लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली. पन्नासहून अधिक वर्षांनी सापडली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती परत मिळाल्याची बातमी आली. बाजाराच्या भाषेत तिचा रंग 'मूळ' नाही. पण तो नंतरचा रंग आणि ती चौकट हीच तर तिची ओळख.

दुसरे जॅको पास्टोरियस. त्यांच्या १९६२च्या जॅझ बेसचे पडदे काढून टाकलेले होते, खाचा भरून वर होडीला लावतात तसलं इपॉक्सी चढवलेलं. पुढे ती फुटली, तुकडे जोडून उभी केली गेली, आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेली. वीसेक वर्षांनी ती तिथल्याच एका दुकानात आली, तेव्हा असल्या खुणाच तिची ओळख होत्या. 'सगळं कारखान्यातल्यासारखं करू या' म्हणून कोणी तिला आधीच सजवली असती, तर आज ती ओळखता आली असती का?

हे मी पुस्तकातून शिकलो. अंगावर आलं ते काही वर्षांपूर्वी, कोलकात्यात. पार्क स्ट्रीटच्या रेस्टॉरंटांत एके काळी रोज रात्री बँड वाजायचे. तिथं वाजवलेले एक गृहस्थ, वय ऐंशीच्या पुढे, त्यांना आपली प्रिसिजन बेस विकायची होती. नातीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती. गिटार पाहिली. काळी कुळकुळीत, ब्रशनं रंगवलेली. एक खुंटी पितळेची, लालबाजारच्या कारागिरानं लेथवर घडवलेली. पिकगार्ड उघडला, तर आत १९६४चे पॉट, आणि काळ्याच्या कडेला सनबर्स्टचा लालभडक पट्टा, काल दिल्यासारखा.

काळा रंग का दिला, विचारलं. म्हणाले, मालकाला स्टेजवर सगळं काळं हवं होतं. सूट काळे, बूट काळे, मग गिटारही. ब्रिजवरचं क्रोमचं झाकण कुठाय? बाल्कनीत होतं. त्यात सिगारेटची राख. जगभरचे वादक त्या झाकणाला 'अ‍ॅशट्रे' म्हणतात, यांनी शब्द खरा केला होता.

एका विक्रेत्यानं त्यांना गिटार फोडून विकायचा सल्ला दिला होता, आणि आकडाही सांगितला होता. आकडा खोटा नव्हता. काळा रंग आणि पितळी खुंटी यांमुळे अख्ख्या गिटारला तेवढे कोणी देणार नव्हतं. आता मी त्यांना काय सांगायचं? इतिहास पैशापेक्षा मोठा असतो? फी त्यांना भरायची होती, मला नाही. जुनं जपा असं दुसऱ्याला सांगणं फुकट असतं. त्याची किंमत नेहमी तोच मोजतो.

म्हणून मी सुट्या भागांची बेरीज होत होती तेवढे पैसे अख्ख्या गिटारचे दिले. त्यासाठी माझ्याकडची एक स्वच्छ, भागन्‌भाग मूळ असलेली जॅझ बेस विकावी लागली. काळा रंग मी काढलेला नाही. त्या जातीची जुनी खुंटी माझ्या कपाटात आहे, तीही बसवलेली नाही. मालकीणबाईंनी एक फोटो दिला, स्टेजवरचा, काळ्या गिटारसकट. तो केसमध्ये असतो. माझ्या दृष्टीनं ही माझ्याकडची सर्वात मूळ गिटार आहे, कारण तिच्यातली प्रत्येक गोष्ट कुणी, केव्हा आणि का केली, ते मला सांगता येतं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी काकांची, आजोबांची एखादी जुनी गिटार असेल, म्हणून चार गोष्टी सांगतो. गिटारच कशाला, सतार किंवा पेटीलाही यातलं बरंच लागू पडेल.

एक, 'चकाचक करून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती ती देऊ नका. कोरड्या मऊ कापडानं पुसा, पुरे. दोन, दुरुस्तीत काढलेला प्रत्येक भाग, तुटका स्क्रूसुद्धा, मागून घ्या. डबीत घाला, वर तारीख लिहा, डबी केसमध्ये ठेवा. सोल्डर तोडण्याआधी फोटो काढा. तीन, जुनं लॅकर रबराशी लागून राहिलं तर मऊ पडतं, डाग कायमचा बसतो. रबरी टेकूच्या स्टँडवर कापड गुंडाळा. पावसाळ्यात केस महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. चार, आणि ही सगळ्यात घाईची : जो वाजवत होता तो हयात असेल, तर त्याला विचारा. कुठं घेतली, कुठं वाजवली, हा ओरखडा कसला. फोनवर रेकॉर्ड करा. पॉटवरचा आकडा अजून पन्नास वर्षं तिथंच राहील. माणसाचं तसं नाही.

तेव्हा आज घरी गेलात की आधी तो फोन करा. गिटार नंतर उघडा.