खाजकुइलीचे बी

मलिहाबाद हे नाव निघाले की प्रथम आठवण होते ती दशहरी आंब्याची. लखनौपासून सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या या गावाच्या चहूबाजूंस आमराया पसरलेल्या आहेत. येथील कलीमुल्ला खाँ यांनी एकाच वृक्षावर तीनशेहून अधिक जातींच्या आंब्यांची कलमे बांधली आणि २००८ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. चांगले झाड हेरावे, त्याचा गुण कलमाने टिकवावा आणि नको तो अवगुण मागे ठेवावा, ही या गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. त्याच लखनौ जिल्ह्यात, खुद्द शहरात, केंद्रीय औषधी आणि सुगंधी वनस्पती संस्था आहे. तिची स्थापना १९५९ सालची. तेथील शास्त्रज्ञांनी हीच विद्या निराळ्या रीतीने एका वेलीवर चालविली. आंबा दिसताच हात पुढे होतो. या वेलीची शेंग दिसताच तो मागे घेतला जातो. ही वेल म्हणजे खाजकुइली.

उत्तरेत तिला केवांच किंवा कौंच म्हणतात आणि त्यावरूनच इंग्रजांनी तिला 'काउहेज' हे नाव दिले. वाल, चवळी, तूर यांच्याच शिंबी कुलातली ही वेल आहे. त्रिदल पाने, लोंबते जांभळे तुरे आणि इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वळलेली शेंग, अशी तिची ओळख. शेंगेवर तपकिरी केसांची दाट लव असते. कोकणात गुराख्याला किंवा गवत कापणाऱ्या बाईला या लवेचा नुसता स्पर्श झाला, तरी अंगाची आग होते. संस्कृत ग्रंथकारांनी तिला 'कपिकच्छू' म्हटले, म्हणजे वानरालाही खाज आणणारी. आणि 'आत्मगुप्ता' म्हटले, म्हणजे स्वतःचे रक्षण स्वतः करणारी. दुसरे नाव किती यथार्थ आहे, हे रसायनशास्त्रामुळे कळून आले.

हे केस सूक्ष्म सुयांसारखे असतात. ते त्वचेत शिरतात आणि चोळल्यास अधिकच खोल जातात. त्यांत प्रथिनांचे विघटन करणारे एक विकर असते. १९५५ साली त्याचे वर्णन झाले आणि वेलीच्या शास्त्रीय नावावरून त्याला 'म्युक्युनेन' हे नाव मिळाले. बाहेरचा पहारा असा आहे. आतला पहारा बियांत आहे. १९७३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, या वर्गातील बियांत जे एक अमिनो आम्ल भरपूर असते, ते कीटकांना बाधते, आणि म्हणून कीड या बियांच्या वाटेस सहसा जात नाही. त्या अमिनो आम्लाचे नाव डोपा. किडीला दूर ठेवणारा हाच पदार्थ माणसाच्या एका दुर्धर व्याधीवर औषध ठरला.

ती व्याधी म्हणजे पार्किन्सनचा आजार. लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली तिचे वर्णन केले. आपल्याकडे तिला कंपवात म्हणतात. हात थरथरतात, स्नायू ताठरतात, पाऊल उचलत नाही आणि चेहऱ्यावरचे भाव हळूहळू मावळतात. रुग्णाची समज बहुधा शाबूत असते. सदऱ्याची गुंडी लावावी असे त्याला वाटते, ती कशी लावावी हेही ठाऊक असते. पण बोटे ऐकत नाहीत. घरच्यांना हा हट्ट किंवा आळस वाटतो, आणि रुग्णाला त्याचेच दुःख अधिक होते.

डोपा प्रथम हाती लागले ते युरोपात. १९१३ साली बाझेल येथील मार्कुस गुगेनहाइम या रसायनज्ञाने बाकल्याच्या शेंगांतून ते शुद्ध स्वरूपात काढले. त्याने स्वतः अडीच ग्रॅम डोपा गिळून पाहिले. मळमळ आणि वांती यांपलीकडे त्याला काही आढळले नाही. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी खाजकुइलीच्या बियांतून तेच द्रव्य वेगळे केले. पदार्थ सापडला होता, त्याची घटनाही समजली होती. त्याचा उपयोग मात्र कोणास ठाऊक नव्हता.

तो कळण्यास आणखी एक भारतीय वनस्पती कारण झाली. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हा आपला अनुभव १९४९ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष त्या मुळीकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य निघाले. स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रेसर्पिन दिले, तेव्हा ते निपचित पडले. मग त्यांना डोपा टोचले, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हालचाल करू लागले. सर्पगंधेच्या द्रव्याने जी हालचाल थांबली होती, ती खाजकुइलीत असलेल्या द्रव्याने परत आली. मेंदूत डोपापासून डोपामिन तयार होते आणि हालचालींच्या नियंत्रणासाठी ते अवश्य असते, हे यावरून उमगले. १९६० साली व्हिएन्ना येथे ओलेह हॉर्निकिएविच आणि त्यांचे सहकारी यांनी या व्याधीने मृत्यू पावलेल्यांचे मेंदू तपासले. त्यांत डोपामिनची मोठी उणीव आढळली. १९६७ साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज कोत्सियास यांनी थोड्या मात्रेपासून आरंभ करून ती सावकाश वाढवीत नेली आणि पोटात दिलेल्या डोपाचा टिकाऊ गुण दाखविला. गुगेनहाइमला जी वांती झाली होती, तिच्यावरचा तोडगा या सावकाशपणात होता. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग सरळ डोपामिनच का देऊ नये? कारण रक्तातून मेंदूत जाण्याच्या वाटेवर जणू एक नाका आहे. डोपामिनला तेथून प्रवेश नाही, डोपाला आहे. परंतु पोटात घेतलेल्या डोपाचा बराच भाग नाक्यापर्यंत पोहोचण्याच्या आधीच शरीरात डोपामिन होऊन खर्ची पडतो आणि मळमळ उत्पन्न करतो. म्हणून आजच्या गोळीत लेवोडोपाबरोबर कार्बिडोपासारखे द्रव्य घालतात. ते वाटेतील ही गळती रोखते आणि डोपाची अल्प मात्रा पुरते.

मूळ बियांचे चूर्णच द्यावे काय, हा विचार आपल्या देशात स्वाभाविकपणे पुढे आला. मुंबईचे डॉक्टर अशोक वैद्य आणि त्यांचे सहकारी यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना हे बी देऊन आपली निरीक्षणे १९७८ साली प्रसिद्ध केली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बियांपासून केलेली पूड ६० रुग्णांना १२ आठवडे देण्यात आली आणि त्यांच्या लक्षणांत सुधारणा दिसली; मात्र तुलनेसाठी दुसरा गट त्यात नव्हता. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली. ३० ग्रॅम चूर्णाचा गुण नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर आला आणि अधिक वेळ टिकला. रुग्ण थोडे असले, तरी चाचणी काटेकोर होती. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १४ रुग्णांना रोज हे चूर्ण दिले असता निम्म्यांना ते सोडावे लागले. काहींचे पोट बिघडले, तर काहींची हालचाल अधिक मंदावली.

वेलीत औषध आहे याविषयी आता शंका उरलेली नाही. खरा प्रश्न मात्रेचा आहे. या बियांत डोपाचे प्रमाण सामान्यतः शेकडा तीन ते सहा असते. जात, जमीन आणि हवामान यांनुसार ते बदलते. एका पुडीतील १० ग्रॅम चूर्णात ३०० मिलिग्रॅम डोपा असेल, तर तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या पुडीत ६०० मिलिग्रॅम. रंग, वास, चव यांवरून हा भेद ओळखता येत नाही. मात्रा कमी पडली तर रुग्ण ताठरतो. जास्त झाली तर अंग अनावर वळवळते, भास होतात, रक्तदाब बिघडतो. १९८९ साली मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दुष्काळ आणि युद्ध यांनी गांजलेल्या लोकांनी हे बी खाल्ले. एरवी ते पुन्हा पुन्हा उकळून पाणी फेकून देण्याची तेथील रीत होती. पाण्याच्या टंचाईमुळे ती पाळता आली नाही. दोनशेच्या आसपास माणसांना उन्मादासारखा विकार जडला. आपल्या वैद्यपरंपरेतही हे बी दुधात शिजवून, साल काढून, शोधन करूनच वापरावयाचे असते. प्राचीनांना डोपामिन ठाऊक होते असा दावा करण्याचे कारण नाही. बी जपून वापरावे, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

लखनौच्या संस्थेच्या कामाचे मोल येथे लक्षात येते. तेथे 'सिम-अजर' नावाचा खाजकुइलीचा वाण तयार करण्यात आला. त्याच्या शेंगांना खाजरी लव नाही. ज्या पिकाला हात लावता येत नाही, ते शेतकरी कसे लावणार, कसे तोडणार? रानातून मिळेल ते बी गोळा करण्याऐवजी ठरावीक वाण शेतात वाढला, त्याचे बी प्रयोगशाळेत तपासले गेले आणि त्यातील डोपाचे प्रमाण पुडीवर छापले गेले, तर वैद्याला आणि डॉक्टरला निश्चित मात्रा देता येईल. मलिहाबादच्या बागवानाला कलमाचा गुण ठाऊक असतो, म्हणूनच तो पेटी निःशंकपणे गिऱ्हाइकाच्या हाती देतो. औषधाच्या पुडीबाबत रुग्णाची अपेक्षा याहून कमी कशी असेल?

तोपर्यंत ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे त्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या विचाराने एकाएकी बंद करू नये; तसे करणे जिवावर बेतू शकते. आणि चालू गोळीवर बाजारातील कौंचाचे चूर्ण परस्पर सुरू करू नये, कारण त्यातही तेच औषध आहे आणि दोन्ही मिळून मात्रा चढते. चूर्ण घ्यावयाचेच असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरला ते आधी सांगावे. आणखी एक गोष्ट कोणत्याही पुडीत मिळत नाही. वडीलमाणसाला गुंडी लावण्यास उशीर लागत असेल, तर त्यांना तेवढा वेळ द्यावा.