बारा प्राण्यांचें पंचांग

गुढीपाडव्याच्या सकाळीं कडुनिंबाचें पान चावून झालें कीं आपल्या घरांतून पंचांग उघडण्याची चाल आहे. नव्या संवत्सराचें नांव काय, त्याचा राजा कोण, मंत्री कोण, मेघ कोणता, हें सारें वाचून दाखविलें जातें. आणि ज्यांचा त्यावर विश्वास नाहीं तेही कान देऊन ऐकतात. वर्षफल ऐकण्याची अशीच हौस हिमालयापलीकडच्या लोकांनाही कित्येक शतकांपासून आहे. फरक इतकाच कीं, तेथें वर्षाला जनावराचें नांव असतें. एक वर्ष उंदराचें, एक वाघाचें, एक घोड्याचें. या बारा प्राण्यांची ओळख आज करून घ्यावयाची आहे; आणि एका घोड्याच्या नांवानें लाखों पाळणे कसे रिकामे राहिले, ती हकीकतही ऐकावयाची आहे.

प्रथम प्राण्यांचा क्रम सांगतों. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन म्हणजे पाऊस पाडणारा तो काल्पनिक महासर्प, मग साप, घोडा, बोकड, माकड, कोंबडा, कुत्रा आणि शेवटीं डुक्कर. आपल्या जन्मवर्षाचा प्राणी कोणता, हें काढण्यास ज्योतिषी नको. इसवी सनांतून ४ वजा करावे आणि बाकीस १२ नीं भागावें. शेष शून्य राहिलें तर उंदीर, एक राहिलें तर बैल, दोन राहिलें तर वाघ, याप्रमाणें पुढें मोजीत जावें. १९४८ मधून ४ गेले, १९४४ राहिले. त्यांस १२ नीं निःशेष भाग जातो, म्हणून १९४८ हें उंदराचें वर्ष. मात्र चिनी वर्षाचा आरंभ जानेवारीच्या उत्तरार्धांत किंवा फेब्रुवारींत अमावास्येच्या दिवशीं होतो. तेव्हां ज्यांचा जन्म इसवी वर्षांत त्या आरंभाच्या आधींचा असेल, त्यांनीं मागचा प्राणी आपला समजावा.

आतां उंदरासारख्या क्षुद्र जीवाला पहिला मान कां मिळाला? याविषयीं चिनी आजीबाई जी गोष्ट सांगतात ती अशी. स्वर्गाच्या सम्राटानें एकदां दवंडी पिटविली कीं, जे प्राणी नदी ओलांडून प्रथम माझ्या दारीं येतील, त्यांतील बारांच्या नांवें वर्षें चालतील. मांजर आणि उंदीर तेव्हां जिवलग मित्र होते. मांजराला झोप फार, म्हणून त्यानें उंदराला सांगून ठेवलें, "निघतांना मला उठीव." उंदीर निघाला, पण उठविण्याचें त्यानें सोयिस्करपणें विसरून टाकलें. नदीकांठीं त्यानें बैलाची मनधरणी केली आणि त्याच्या पाठीवर बसून पैलतीर गांठला. दार दिसतांच त्यानें बैलाच्या डोक्यावरून उडी घेतली आणि पहिला क्रमांक पटकावला. बिचारा बैल दुसरा झाला. प्रवाहाशीं झुंजत वाघ तिसरा आला. ससा दगडांवरून उड्या मारीत चवथा पोंचला. ड्रॅगनला तर उडतां येतें. परंतु वाटेंत तहानलेल्या लोकांसाठीं पाऊस पाडण्यास तो थांबला आणि पांचवा झाला. साप घोड्याच्या खुराला विळखा घालून आला आणि दारापाशीं एकाएकीं पुढें झाला. घोडा दचकून मागें सरला. बोकड, माकड आणि कोंबडा यांनीं मिळून तराफा केला व एकमेकांच्या साह्यानें नदी पार केली. कुत्रा पाण्यांत खेळत बसला, डुक्कर खाऊन वाटेंत झोपलें. मांजर जागें झालें तेव्हां बारा जागा भरून गेल्या होत्या. तेव्हांपासून तें उंदराच्या मागें लागलें आहे तें आजतागायत! व्हिएतनामी लोकांना मात्र मांजराची दया आली असावी. कारण त्यांच्या चक्रांत सशाच्या जागीं मांजर आहे, आणि बैलाच्या जागीं म्हैस.

गोष्ट गोड आहे, परंतु इतिहास निराळा आहे. मुळांत हे बारा प्राणी नव्हतेच. होतीं तीं बारा चिन्हें. चीनमधील आनयांग येथें शांग राजवटीच्या काळचीं, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वींचीं, कौल लावण्याचीं हाडें सांपडलीं आहेत. त्यांवर दहा चिन्हांची एक माळ आणि बारा चिन्हांची दुसरी माळ एकमेकींत गुंफून दिवस मोजले आहेत. दहा आणि बारा यांचा मेळ साठांनीं बसतो. म्हणून साठांचें चक्र झालें. पुढें हेंच चक्र वर्षांनाही लावण्यांत आलें. बारा या संख्येला आकाशांतूनही आधार मिळाला. गुरु हा ग्रह आकाशाची एक फेरी बारा वर्षांस थोडी कमी इतक्या काळांत पुरी करतो, आणि चिनी लोक गुरूला 'वर्षाचा तारा' असेंच म्हणत. आपल्याकडेही गुरु सिंह राशीस आला म्हणजे नाशिक-त्र्यंबकेश्वरीं सिंहस्थ भरतो. एकाच ग्रहाकडे पाहून दोन देशांनीं आपापलीं घड्याळें लावलीं, असें म्हटल्यास चालेल.

या बारा चिन्हांना प्राणी केव्हां चिकटले? १९७५ सालीं हूपै प्रांतांत श्वैहूदी येथें इ. स. पूर्वीं २१७ च्या सुमाराचें एक थडगें उघडण्यांत आलें. त्यांत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली शुभाशुभ दिवसांची एक पोथी निघाली. तींत या प्राण्यांचा उपयोग मोठा गमतीचा आहे: तो चोर पकडण्यासाठीं! उंदराच्या दिवशीं चोरी झाली तर चोराचें तोंड निमुळतें आणि मिशा विरळ असावयाच्या. म्हणजे आज ज्या प्राण्यांवरून विवाह जमवितात, त्यांनीं आरंभीं फौजदाराची चाकरी केली. त्या पोथींतले प्राणीही सर्वस्वीं आजचे नाहींत. ज्या स्थानीं आज घोडा आहे तेथें तींत हरिण आहे. तेव्हां ही रचना स्वर्गांतून एका दिवसांत उतरली नाहीं. ती माणसांनीं हळूहळू घडविली, हें उघड आहे.

ती घडत असतांनाच तिच्यावर शंका घेणारा माणूसही चीनमध्यें निपजला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत वांग चुंग नांवाचा एक परखड विचारवंत होऊन गेला. ज्योतिषी म्हणत कीं, उंदीर हा जलतत्त्वाचा व घोडा अग्नितत्त्वाचा, आणि पाणी अग्नीस जिंकतें. वांग चुंगनें विचारलें, असें आहे तर उंदीर घोड्याच्या मागें लागलेला कां दिसत नाहीं? कोंबडा धातुतत्त्वाचा आणि ससा काष्ठतत्त्वाचा. मग कोंबडा सशाला टोंचून कां मारीत नाहीं? या प्रश्नाला आज एकोणीस शतकें होऊन गेलीं. समाधानकारक उत्तर अद्याप आलेलें नाहीं.

आपल्या देशाशींही या चक्राचा धागा आहे. पांचव्या शतकांत धर्मक्षेम या भारतीय भिक्षूनें चिनी भाषेंत उतरविलेल्या महासंनिपात सूत्रांत हे बारा प्राणी जंबुद्वीपाभोंवतालच्या समुद्रांतील गुहांमध्यें राहतात व पाळीपाळीनें जगांत हिंडून आपापल्या जातीच्या जीवांना उपदेश करतात, असें वर्णन आहे. आणि तेथें वाघाच्या जागीं सिंह आला आहे. तिबेटांत तर दोन्ही प्रवाह एक झाले. तिबेटी लोक साठ वर्षांच्या चक्राला 'रबजुंग' म्हणतात, आणि हा शब्द म्हणजे आपल्या साठ संवत्सरांतील पहिल्याचें, 'प्रभवा'चें, भाषांतर होय. त्यांचें पहिलें चक्र १०२७ सालीं सुरू झालें असें ते मानतात. तें वर्ष चिनी गणनेनें अग्नि-सशाचें. पुढें १९८७ सालीं आपल्याकडे प्रभव संवत्सर लागलें, तेंही चिनी गणनेनें अग्नि-सशाचेंच होतें. दोन्ही चक्रें अजून पायांत पाय घालून चाललीं आहेत.

आतां वर्षफलाची रीत पाहूं. तिचें मुख्य सूत्र सोपें आहे. बारा प्राणी घड्याळाच्या आंकड्यांप्रमाणें वर्तुळांत मांडावे. जे समोरासमोर येतील त्यांचें वैर; जे चार-चार घरांच्या अंतरानें त्रिकोण करतील त्यांची मैत्री. उदाहरणार्थ, घोड्याच्या वर्षीं वाघाच्या व कुत्र्याच्या वर्षीं जन्मलेल्यांस अनुकूलता सांगतात. बोकड हा घोड्याचा खास सोबती मानतात. उंदीर समोरचा, म्हणून त्यास प्रवासांत आणि व्यवहारांत जपण्याची सूचना. बैलाचेंही घोड्याशीं पटत नाहीं. सर्वांत गंमत म्हणजे ज्याचें वर्ष त्यालाच तें जड! बारावें, चोविसावें, छत्तिसावें अशीं वर्षें आलीं कीं चिनी माणूस लाल कमरपट्टा किंवा लाल वस्त्र अंगावर बाळगतो. एवढ्यानें कोणाचें बिघडत नाहीं. नव्या वर्षीं जरा जपून चालावें, हा उपदेश कोणत्याही वर्षीं चांगलाच.

परंतु श्रोतेहो, करमणूक आणि करणी यांत अंतर असतें, आणि तें केव्हां ओलांडलें जातें हें कळत नाहीं. बारा प्राण्यांना पंच तत्त्वांची जोड दिली म्हणजे साठ वर्षांतून एकदां 'अग्नि-अश्व' येतो. घोड्याचें स्थान मध्यान्हाचें, दक्षिणेचें, म्हणजे मुळचेंच अग्नीचें. त्यांत पुन्हा अग्नितत्त्व. आगींत तेल! चीनमध्यें या सालाची भीति राज्यावरील संकटाची होती. ११२६ हें अग्नि-अश्वाचें वर्ष; तें सरण्यापूर्वींच, ११२७ च्या जानेवारींत, सुंग घराण्याची राजधानी कायफंग शत्रूच्या हातीं पडली. अशीं उदाहरणें लोक लक्षांत ठेवतात. पण जपानांत ही भीति राजाच्या डोक्यावरून उतरून मुलीच्या माथीं बसली. त्या वर्षीं जन्मलेली स्त्री तापट निघते व नवऱ्याचा जीव घेते, असा समज तेथें पसरला. एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, ओशिचि नांवाची एका भाजीवाल्याची मुलगी होती. प्रियकराची भेट व्हावी म्हणून तिनें आग लावली आणि १६८३ सालीं तिला देहान्त शिक्षा झाली. तिचा जन्म १६६६ चा, अग्नि-अश्वाचा, असें सांगतात. तिच्यावर कथा झाल्या, नाटकें झालीं, आणि एका मुलीच्या वेडाचा भार पुढच्या साऱ्या मुलींवर पडला.

१९०६ सालीं अग्नि-अश्व फिरून आला. तेव्हां कित्येक आईबापांनीं मुलीचा जन्म मागच्या किंवा पुढच्या वर्षीं नोंदविला. ज्यांनीं खरी तारीख दिली, त्यांच्या मुली उपवर झाल्यावर स्थळें परत जाऊं लागलीं. मग आलें १९६६. जपान तोंवर कारखान्यांचा, आगगाड्यांचा, घरोघर वर्तमानपत्र वाचणारा देश झाला होता. अशा देशांत १९६५ मध्यें १८ लाख २४ हजारांच्या आसपास मुलें जन्मलीं. १९६६ मध्यें ती संख्या १३ लाख ६१ हजारांवर आली. आणि १९६७ मध्यें ती एकदम १९ लाख ३५ हजारांच्या वर गेली. म्हणजे चार पाळण्यांपैकीं एक त्या वर्षीं हलला नाहीं. युद्ध नव्हतें, दुष्काळ नव्हता, सांथ नव्हती. होतें तें केवळ एक नांव. शिक्षणानें आणि विज्ञानानें भीति नाहींशी होते असें आपण म्हणतों. येथें तर संततिनियमनाचीं नवीं साधनें त्या जुन्या भीतीच्याच सेवेस लागलीं.

याउलट ड्रॅगनच्या वर्षीं जन्मलेलें मूल भाग्यवान, म्हणून १९७६ व पुढें १९८८ सालीं तैवान, सिंगापूर येथें जन्म वाढले. त्याच १९७६ च्या ड्रॅगनवर्षीं, २८ जुलैला, चीनमध्यें तांगशान येथें भूकंप झाला आणि सरकारी आंकड्याप्रमाणें दोन लाख चाळीस हजारांहून अधिक माणसें गेलीं. वर्षाचें नांव ड्रॅगन असल्यामुळें जमीन हलावयाची राहिली नाहीं. आणि अग्नि-अश्वाची कन्या म्हणाल, तर जपानच्या राजपुत्र अकिशिनोची पत्नी किको हिचा जन्म सप्टेंबर १९६६ चा. १९९० सालीं राजघराण्यानेंच तिला सून करून घेतलें, आणि २००६ सालीं तिच्या पोटीं राजपुत्र जन्मला.

आतां एक हिशेब आपला आपणच करून पाहण्यासारखा आहे. ज्या अर्थीं प्रभव आणि अग्नि-ससा बरोबर चालतात, त्या अर्थीं जपान्यांचें अग्नि-अश्व वर्ष आपल्या पंचांगांतही दर वेळीं एकाच नांवाच्या संवत्सराशीं येणार. तें नांव कोणतें? तें आहे 'पराभव'! १९०६ चें पराभव, १९६६ चें पराभव. आणि १७ फेब्रुवारी २०२६ रोजीं अग्नि-अश्व वर्षाचा आरंभ धरतात, त्याच सालच्या गुढीपाडव्यापासून शके १९४८ चें पराभव. याहून अशुभ नांव शोधूनही सांपडणार नाहीं. तरी या संवत्सरांत जन्मली म्हणून मुलगी नको, असें आपल्याकडे कोणी म्हणत नाहीं. संकल्पांत नांव उच्चारतों आणि कामाला लागतों. ज्या वर्षाचा जपान्यांनीं एवढा धसका घेतला, त्या वर्षीं आपल्याकडे बारशीं थाटानें झालीं.

परंतु म्हणून जपान्यांस हंसण्याचा अधिकार आपल्याला पोंचतो काय? मंगळाची मुलगी, मूळ नक्षत्राची मुलगी, हे शब्द आपल्या घरांत परके नाहींत. पत्रिकेंतल्या एका घरांत मंगळ बसला म्हणून आपल्याकडे जेव्हां शिकलेल्या, सुस्वभावी मुलीचें स्थळ परत जातें, तेव्हां आपण काय करतों? जपान्यांनीं जें घोड्याच्या नांवानें केलें, तेंच आपण ग्रहाच्या नांवानें करतों. त्यांचें अग्नि-अश्व वर्ष निदान साठ वर्षांनीं एकदां येतें. आपला मंगळ दर लग्नसराईला येतो.

बारा प्राण्यांची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. उंदराची लबाडी, बैलाचे कष्ट, पाऊस पाडण्यासाठीं थांबलेला तो ड्रॅगन, एका तराफ्यावरचे तीन सोबती, यांत मुलांना शिकण्यासारखें पुष्कळ आहे. वर्षफलही हौसेनें वाचावें. मात्र पंचांग मिटल्यावर, घरांत येणाऱ्या मुलीचें मोल त्यांतल्या एका शब्दानें ठरवूं नये. काळ मोजण्यासाठीं माणसानें प्राण्यांचीं नांवें योजिलीं. त्या नांवांनीं माणूस मोजावा, यासाठीं तीं योजिलेलीं नव्हतीं.