खाटेखालचे ५६० शर्ट

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'यशस्वी उद्योजक' अशी करून दिली. माझी पत्नी पहिल्या रांगेत बसली आहे. ती हसली, ते मी पाहिलं. ती का हसली, ते सांगण्यासाठीच उभा आहे.

मी भिलाईचा. आजोबा नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती गिरणी. मुंबई सोडून नागपूरला गिरणी कशाला, असं तेव्हा लोक म्हणत. जमशेटजींचा हिशेब सरळ होता, कापूस जिथे पिकतो तिथे सूत काढायचं. वडील मात्र सुतातून लोखंडात आले. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि पुढच्याच वर्षी ते इथे कामाला लागले. मी सेक्टर २ मध्ये वाढलो, बी.एस्सी. झालो, फौजेत गेलो आणि २०१६ साली कर्नल म्हणून निवृत्त झालो. नोकरी ऑर्डनन्स कोअरमधली. म्हणजे जवानांचे कपडे, बूट, तंबू, सुटे भाग यांचा साठा आणि पुरवठा. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल तपासला. तेव्हा कपड्यातलं आपल्याला सगळं कळतं, असं मला वाटत होतं. तिथेच फसलो.

कल्पना वाईट नव्हती. वडील प्लांटमध्ये नेहमी सुतीच घालायचे. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं, पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. शिवाय इथला मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. तर शुद्ध सुती, उभ्या कॉलरचा, पोट झाकणारा, साध्या रंगांचा एकच शर्ट करायचा, असं ठरवलं. एकच माल घ्यायचा हा निर्णय बरोबर ठरला, आजही तुम्हाला तोच सल्ला देईन. बाकी जवळजवळ सगळं चुकलं.

२०१८ च्या दसऱ्याला सुपेल्यात छोटं दुकान घेतलं, भाडं महिना ११,०००. पेन्शन विकून, म्हणजे कम्युटेशनचे जे पैसे मिळाले होते त्यातून ६ लाख काढले आणि १,२०० शर्ट शिवून घेतले. कापड, शिलाई, काज-बटण, लेबल, इस्त्री, पॅकिंग धरून नग ५०० रुपयांना पडला. १,२०० का? कारण शिलाईवाल्याने सांगितलं, जास्त नग केलेत तर दर कमी लागेल. मला ते पटलं, फौजेत आम्ही हजारांतच विचार करायचो.

मापं अशी काढली: ३८ नंबरचे ३००, ४० चे ४००, ४२ चे ३००, ४४ चे २००. हे प्रमाण कुठून आणलं? डोक्यातून. आणि डोक्यात होते पंचविशीतले, रोज पहाटे पळणारे जवान. दुकानात आले ते प्लांटमधून निवृत्त झालेले, मुलीच्या लग्नाला शर्ट शोधणारे, माझ्याच वयाचे गृहस्थ. ४२ आणि ४४ चे पाचशेच्या पाचशे दोन महिन्यांत संपले. लोक ४६ मागत होते, मी नाही म्हणत होतो आणि मागे ३८ चे गठ्ठे उभे होते. लहान मापांच्या ७०० मधले होळीपर्यंत कसेबसे १४० गेले. उरले ५६०. दुकानात जागा नव्हती म्हणून ते घरी आले. आमच्या खाटेखाली.

आता हिशेब बघा, कारण नवे लोक इथेच चकतात. शर्ट ९९९ ला विकला. त्यातला ५ टक्के जीएसटी काढला की हाती ९५१. खर्च ५००. म्हणजे नगामागे ४५१ सुटले. ६४० नग विकले, नफा २,८८,६४०! मी आनंदाने पत्नीला वही दाखवली. तिने विचारलं, "पैसे कुठे आहेत?" तोच हिशेब तिने दुसऱ्या बाजूने मांडला. गेले ६,००,०००. आले ६,०८,६४०. पाच महिन्यांत वरचे ८,६४० रुपये, आणि त्याच काळात नुसतं भाडं ५५,००० गेलेलं. काउंटरवरच्या मुलीचा पगार, वीज, प्रदर्शनातल्या स्टॉलचे पैसे वेगळेच. हे सगळं मी कुठून भरत होतो? पेन्शनमधून. महिन्याच्या अखेरीला खात्यात पैसे येत होते, म्हणून धंदा बुडतोय हे मला दिसतच नव्हतं. माझ्यासारखी निवृत्त मंडळी इथे बरीच आहेत, म्हणून सांगतो, पेन्शनचं खातं आणि धंद्याचं खातं वेगळ्या बँकेत ठेवा. जमलं तर वेगळ्या गावात.

दुसरा फटका त्याहून लाजिरवाणा. वडिलांच्या बरोबर काम केलेले एक काका शर्ट घेऊन आले. म्हणाले, "कर्नल साब, एक धुलाई में ये मेरे पोते का हो गया." कापड आधी आटवून घेतलेलं नव्हतं. ज्याने फौजेत लोकांचे गठ्ठेच्या गठ्ठे नापास केले, त्याने स्वतःचा ताका पाण्यात बुडवूनही पाहिला नव्हता. काकांचा शर्ट परत घेतला, पैसे दिले, आणि पुढच्या महिन्यात अजून बरेच परत घेतले. आता प्रत्येक ताक्यातून एक तुकडा कापतो, त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखतो, तीनदा धुतो, वाळवतो, मोजतो. ४७ भरला तर ६ टक्के आटलं. ७६ सेंटिमीटर उंचीच्या शर्टात म्हणजे साडेचार सेंटिमीटर गेले. तो ताका परत जातो.

मार्ग कसा निघाला, तर एका वहीतून. काउंटरवरची मुलगी बिलबुकाच्या मागच्या पानांवर काहीतरी लिहायची. मला वाटायचं, अभ्यास करते. एक दिवस पाहिलं तर रेघा होत्या. ४६, फिका निळा, नव्हता. ४४, अर्ध्या बाह्या, नव्हता. जे विकलं ते बिलात दिसतं, मंडळी. जे मागितलं आणि नव्हतं, ते कुठेच दिसत नाही. तिने कुणी न सांगता ते टिपलं होतं. त्या पानांवरून आम्ही नवं प्रमाण काढलं. आज ११ शर्टांचा मार्कर लावतो: ३८ चा एक, ४० चे दोन, ४२ चे तीन, ४४ चे तीन, ४६ चे दोन. तिचा पगार तेव्हाच वाढवला, आणि आता खरेदी तिच्या सहीशिवाय होत नाही.

नगही कमी केले. १,२०० च्या जागी एका वेळी १२० च्या आसपास. शिलाईवाला नगामागे ४० रुपये जास्त मागू लागला. दिले. छोटी खेप संपली की ते पैसे फिरून पुढच्या खेपेला लागतात, आणि चुकलं तरी चूक खाटेखाली मावते.

मधल्या काळात सोलापूरला जाऊन आलो. चादरींचं गाव आपण सगळे ओळखतो, पण तिथे गणवेशाचा मोठा उद्योग आहे. तिथे शिकलो की आधी मापं येतात आणि मग कात्री चालते. परत येऊन दोन-तीन संस्थांचे गणवेश घेतले, म्हणजे कारागीर बायकांना बाराही महिने काम राहील. त्यात एका संस्थेने बिल अडकवलं, चार महिने. तेव्हा कायदा वाचला. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी, ती फुकट आहे, आणि ती माल देण्याआधी करून ठेवा. मी नंतर केली होती. नावाचंही तसंच. दोन हजार लेबलं विणून घेतल्यावर कळलं की ते नाव वर्ग २५ मध्ये, म्हणजे कपड्यांच्या वर्गात, दुसऱ्याने आधीच नोंदवलंय. ट्रेडमार्कचा शोध घरबसल्या घेता येतो. एका व्यक्तीला अर्जाची ऑनलाइन फी ४,५०० रुपये. माझी लेबलं त्याहून महाग पडली.

२०२० मध्ये शाळा बंद, लग्नं बंद. मास्क शिवले, कारागिरांची मजुरी निघाली, एवढंच. खरा नफा पहिल्यांदा २०२१-२२ साली दिसला, १ लाख ९० हजार. मी पेढे आणले. पत्नीने परत विचारलं, "यात तुमचा पगार धरलाय?" नव्हता धरला. एखादा मॅनेजर ठेवला असता तर तोटाच होता. मालकाची मजुरी खर्चात लिहून नफा उरायला अजून दोन वर्षं लागली.

लोक विचारतात, ब्रँड केव्हा झाला म्हणायचं? ठाण्याची रेमंड १९२५ सालची. तिच्या तयार कपड्यांचा पार्क अव्हेन्यू आला १९८६ मध्ये. मला एवढा वेळ नाही. माझ्यापुरतं म्हणाल, तर ते आटलेल्या शर्टाचे काका परत आले आणि भाव न विचारता दोन शर्ट घेऊन गेले, तेव्हा मला काहीतरी झाल्यासारखं वाटलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्केच जीएसटी आहे, त्यामुळे जरा जाड, चांगलं कापड वापरून १,२९९ चा शर्टही काढला. पूर्वी हजाराच्या वर गेलं की १२ टक्के लागायचे, म्हणून सगळे ९९९ ला चिकटून बसत.

त्या ५६० चं काय झालं, हे विचाराल. बहुतेक कॉलेजच्या वसतिगृहांतल्या मुलांना ३५० ला विकले. नगामागे पावणेदोनशेच्या आसपास तोटा, पण पैसे सुटले. खाटेखाली अजून अकरा आहेत, सगळे ३८ नंबरचे, मोरपंखी. तो रंग माझी निवड होती. पत्नी ते विकू देत नाही, नवा माल ठरवायच्या दिवशी बाहेर काढून ठेवते.

बरं, आता प्रश्न. मागे हात वर आहे… हो, तुम्ही. माईक द्या त्यांना.