सर्वांच्या कंठातले गाणे



वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त बोलायचे आणि विषय मात्र गाण्याचा घ्यायचा, याचे आपणांस नवल वाटेल. पण सार्वजनिक वाचनालय आणि सामुदायिक गायन यांचे नाते जवळचे आहे. जी विद्या काही थोड्यांच्या घरी बंद होती ती चारचौघांत आणून ठेवणे, हे दोहोंचेही काम. अशा कामात आपले आयुष्य वेचणाऱ्या एका गायकाची, पंडित नारायण मोरेश्वर खरे यांची, आज मला आठवण करून द्यावयाची आहे. त्यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही; मात्र ज्या परंपरेने त्यांना घडविले, ती आपल्याच परिसरातली आहे.

निपाणीहून फार दूर नसलेल्या कुरुंदवाडात १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म झाला. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले. गवयाला समाजात मान मिळावा आणि सामान्य माणसाच्या कंठात शुद्ध स्वर यावा, हे दोन ध्यास त्यांनी आयुष्यभर बाळगले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून त्यांचे ‘वंदे मातरम्’ गाजले. रामधुनीची आज घरोघर माहीत असलेली चाल त्यांच्याच नावावर सांगितली जाते.

डिसेंबर १९२४मध्ये बेळगावात भरलेले अधिवेशन आपणां सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे. महात्माजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. २०२४ साली त्याला शंभर वर्षे झाली. त्या मंडपात विष्णुबुवा ‘वंदे मातरम्’ गायले. त्याच मंडपात हुइलगोळ नारायणराव यांचे कन्नडनाडूच्या उदयाचे स्वागतगीत झाले, आणि ते गाणाऱ्यांत अकरा वर्षांची एक मुलगी होती. तीच पुढे गंगूबाई हनगल म्हणून देशाला माहीत झाली. कुरुंदवाडच्या मराठी गवयाचे गाणे आणि धारवाडकडच्या मुलीचे कन्नड गीत एकाच मंडपात झाले आणि दोन्ही आपापल्या तेजाने उभी राहिली. या सीमाभागात राहणाऱ्या आपण सर्वांनी ही गोष्ट विसरू नये, असे मला वाटते.

विष्णुबुवांच्या शिष्यांपैकी ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांनी मैफली गाजविल्या. खऱ्यांची वाट निराळी झाली. गांधीजींनी साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला आणि १९१८च्या सुमारास विष्णुबुवांनी आपल्या या शिष्याला तेथे पाठविले. बेळगावात गणेश विद्यालयाचे प्रमुखपद सांभाळून गेलेले काकासाहेब कालेलकरही त्याच आश्रमात होते. खऱ्यांच्या वाट्याला श्रोते आले नाहीत. वाट्याला आली ती पहाटे आणि संध्याकाळी जमणारी माणसे. त्यांत विणकर होते, मुले होती, स्त्रिया होत्या, परप्रांतांतून आलेले कार्यकर्ते होते, आणि स्वराचा गंधही नसलेले बरेच होते. या सर्वांना एका सुरात आणण्याचे काम त्यांना करावयाचे होते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. मैफलीचा गवई आपल्या गळ्याला मानवेल ती पट्टी घेतो. समुदायाच्या गायनात पुरुषांना खाली आणि स्त्रियांना वर सोयीचे पडते. दोघांनाही पेलेल अशी मधली पट्टी अग्रगायकाला शोधावी लागते. चाल अशी निवडावी लागते की तिचा विस्तार सप्तकाच्या पलीकडे फारसा जाणार नाही. आलाप-तानांचा मोह आवरावा लागतो, कारण एकाची तान सुरू झाली की शंभरांचे तोंड मिटते. आपल्या भजनी मंडळांत बुवा चरण उचलतात आणि टाळकरी तो झेलतात, ही रीत त्या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. चुकणाऱ्याला बाजूच्याचा आधार मिळतो आणि दोन-चार आवर्तनांत तोही सुरात येतो.

खऱ्यांनी संकलित केलेली ‘आश्रम भजनावली’ या कामाचे फळ होय. तीत संस्कृत श्लोक आहेत, हिंदी, गुजराती, मराठी, बंगाली पदे आहेत, ख्रिस्ती गीतेही आहेत. भजनांवर राग-तालांचा निर्देश आहे; म्हणजे भक्ती सामान्यांची असली तरी शास्त्राला सोडचिठ्ठी दिलेली नाही. आपल्या संतांचे अभंग त्या पुस्तकावाटे मराठी न येणाऱ्यांच्याही मुखी गेले.

१९३० साली आश्रमात देवीची साथ आली आणि तीत खऱ्यांचा लहान मुलगा दगावला. पुढे थोड्याच दिवसांत, १२ मार्चला, दांडीयात्रा निघाली. त्या तुकडीत खरे होते आणि वाटेतल्या मुक्कामांवरच्या प्रार्थनांत त्यांचा स्वर होता. १९३८च्या फेब्रुवारीत, हरिपुरा अधिवेशनाच्या तयारीत असतानाच, त्यांचा देहान्त झाला. मैफलीची कीर्ती त्यांनी मागितली नाही, ती त्यांना मिळालीही नाही.

सामुदायिक भक्तिगायनाची ही ओढ केवळ आश्रमाची नव्हे. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले. मराठी ख्रिस्ती उपासनेत परकीय चालींवर बेतलेली गीते रूढ होती. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्या उपासनेला अभंग आणि भजन यांची भाषा दिली. ‘उपासना संगीता’त त्यांची अडीचशेच्या आसपास गीते आहेत. देवळात काय आणि चर्चमध्ये काय, मराठी माणूस समुदायाने गाऊ लागला की अभंगाकडे वळतो, हे त्यावरून ध्यानी येते.

याच ओढीचे दर्शन सातासमुद्रापलीकडेही घडते. २१ फेब्रुवारी १९३६ रोजी बार्डोलीत अमेरिकेतील काळ्या समाजाचे धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन आणि त्यांच्या पत्नी सू बेली थर्मन गांधीजींना भेटले. गांधीजींनी त्यांच्या समाजाचे एक भक्तिगीत ऐकण्याची इच्छा दर्शविली आणि ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचे गीत तेथे गायले गेले. गुलामगिरीत जन्मलेली ही गाणी. त्यांतही एकाने म्हणावे आणि समुदायाने झेलावे हीच रीत. पुष्कळदा वाद्याची साथ नसे. हाताची टाळी आणि पायाचा ठेका पुरे होई. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १८७१पासून ही गाणी गावोगाव गाऊन आपली कर्जात बुडालेली शाळा वाचविली. विष्णुबुवांनीही मैफलींच्या पैशावर विद्यालय चालविले. त्यांची मुंबईची इमारत मात्र कर्जापायी गेली. पुढे १९६२ साली बर्निस जॉन्सन रेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गाणी नागरी हक्कांच्या लढ्यात नेली. १९७३ साली त्यांनी केवळ कंठाच्या बळावर गाणारा स्त्रियांचा संच उभा केला. २०२४ साली त्या निवर्तल्या. चर्चमध्ये शिकलेले गाणे त्यांनी तुरुंगात गाइले आणि पुढे रंगमंचावरही नेले. पण ऐकणाऱ्यांना गायला लावण्याची त्यांची सवय सुटली नाही.

आता आपल्याकडे पाहू. ध्वनिफिती आल्या, तबकड्या आल्या, आता तर गाणे खिशात मावते. उत्तम गाणे सहज ऐकू येते, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु देवळातली आरतीही ध्वनिवर्धकावर लावून आपण हात जोडून उभे राहू लागलो, तर कंठाचा हक्क आपण आपण होऊन सोडला असे होईल. ऐकणारे वाढले आणि गाणारे घटले, तर गवयालाही जाणता श्रोता कोठून मिळणार?

म्हणून या वाचनालयापुढे एक विनंती ठेवतो. आठवड्यातून एक संध्याकाळ या सभागृहात ध्वनिवर्धक बंद ठेवून सामुदायिक गायनासाठी द्यावी. गळ्याची परीक्षा घेऊ नये. तुकोबांचा अभंग व्हावा, पुरंदरदासांचे पद व्हावे, टिळकांचे भजन व्हावे. ज्याला कन्नड येत नाही त्याने पद झेलावे, ज्याला मराठी येत नाही त्याने अभंग झेलावा. भाषेचे प्रश्न त्यांच्या ठिकाणी राहतील, त्यांचा निकाल गाण्याने लागणार नाही, हे मी जाणतो. पण शेजाऱ्याचे पद ज्याला पाठ आहे, तो शेजाऱ्याशी भांडतानाही शब्द जपून वापरील.

शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या या संस्थेला कंठ सांभाळणे अवघड नाही.